एका टिंबाची झारी

माझ्या जुळ्यांना बारावं सरून तेरावं लागलं, त्या वर्षीच्या सर्वपित्री अमावास्येला त्यांच्या वडिलांना अग्नी द्यायचं ठरलं होतं. वडील घरात नव्हते. कुठे होते ते कुणालाच माहीत नव्हतं. पोरं माझ्या पोटात असताना ते चौलच्या बंदरातून अदनला जाणाऱ्या गलबतावर चढले, आणि ते गलबत अदनला पोचलंच नाही.

अमावास्येच्या आदल्या दिवशी सकाळी मी विहिरीपाशी बसून मोडीची भांडी घासत होते. समोर अंगणात माझे दीर गोंदो आणि आमचे भटजी तिकमभट पळसाच्या पानांचा माणूस बांधत होते. बारा वर्षं ज्याची वार्ता नाही, त्याचं असंच करतात. पळसाच्या देठांचे हातपाय, पानांचं अंग, डोक्याच्या जागी नारळ. तो माणूस समजून त्याला जाळायचं, मग सुतक, मग दहावा. दहाव्याला माझ्या बांगड्या फुटायच्या होत्या.

मला कुणी जबरदस्ती केली नव्हती हे आधी सांगते. होकार मीच दिला होता. चैत्रात नागोठण्याहून माझ्या मुलीला, पोमाईला, मागणी आली. चांगली माणसं होती. त्यांनी सरळ विचारलं, मुलीचा बाप आहे की नाही? आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. आहे म्हणावं तर दाखवता येत नाही, नाही म्हणावं तर माझ्या कपाळी कुंकू. ती माणसं पाणी पिऊन निघून गेली. त्या संध्याकाळी मी मामंजींना म्हटलं की आता करून टाका. त्यांची नजर तेव्हा पार अधू झाली होती. ऐरणीजवळ बसून हाताला लागेल ते चाचपत राहायचे. ते उगीचच एक वाटी फिरवत राहिले.

आमचं घर तांबटाचं, आणि आमचा धंदा समुद्रावर चालायचा. हे ऐकून लोक हसतात, पण खरं आहे. अदनच्या बाजूला तांबं भरपूर, पण तिथल्या व्यापाऱ्यांना घडवायला हात लागायचा तो आमचा. तिकडची फुटकी भांडी, मोडके दिवे, चेपलेली तबकं पोत्यांत भरून गलबतावर चढायची, भादव्यात चौलला उतरायची, आणि आम्ही ती वितळवून नवी घडवून हिवाळ्यात परत धाडायचो. पोती आणायचा दाऊद नाखवा. तो इथलाच, खाडीपलीकडचा. त्याचा बाप आमच्या आजेसासऱ्यांकडे पोती आणायचा.

माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी अदनहून निरोप आला की इथे एक मोठा हंडा आहे, तो हलवता येत नाही, एक तांबट पाठवा, एका हंगामाचं काम आहे. मामंजींचं वय झालं होतं, गोंदो भावोजी लहान होते. मग हे गेले. त्या खेपेला दाऊदचं गलबत भरलेलं होतं, म्हणून दुसऱ्याच्या गलबतावर गेले. दाऊदने ही गोष्ट स्वतःला कधी माफ केली नाही. दर भादव्यात पोती उतरवली की तो माझ्याकडे न बघताच म्हणायचा, "काही कळलं नाही, वैनी." मी पाणी द्यायची. तो पिऊन जायचा. त्या वर्षी तो तेवढंही बोलला नाही. अंगणात पळसाच्या पानांचा ढीग पाहिला, पोती विहिरीपाशी टाकली आणि ओसरीच्या कोपऱ्यात मामंजींजवळ जाऊन बसला.

मोड घासायचं काम बायकांचं. सगळं घासायचं नसतं. प्रत्येक भांड्याचा हातभर भाग चिंचेच्या कोळाने आणि राखेने उजळायचा, म्हणजे रंग दिसतो. लाल ते तांबं, पिवळं ते पितळ, राखाडी झाक असली तर शिसं जास्त. मग तीन ढीग करायचे. मी ते करत होते. कानावर तिकमभटांचं बोलणं पडत होतं. ते गोंदो भावोजींना सांगत होते की देठ सैल बांधू नकोस, उचलताना हात गळून पडला तर वाईट दिसतं. म्हातारे होते, मनाने चांगले होते. आमच्या लग्नात अंतरपाट त्यांनीच धरला होता, आणि सकाळपासून त्यांचं लक्ष कशातच नव्हतं. पाठ म्हणता म्हणता मध्येच थांबून उन्हाकडे बघत होते.

तिसऱ्या पोत्यातून एक झारी निघाली. आमच्याकडच्यासारखी नव्हती. पोट लांबट, मान उंच, आणि तोटीच्या टोकाला कसल्याशा जनावराचं तोंड. पुढे कळलं की तो सिंह होता. असली भांडी अधूनमधून यायची. दाऊद सांगायचा की ही फिरंग्यांची तऱ्हा. आपली मिरी अदनला जाते, तिथून लहान होड्यांनी वर, मग उंटावर, मग मिसरच्या नदीतून पार दुसऱ्या समुद्रापर्यंत. तिथे फिरंगी उभे असतात, ते ती घेऊन जातात. त्यांचं एक गाव म्हणे पाण्यातच उभं आहे. त्या लोकांना जेवायच्या आधी हातावर पाणी घ्यायला अशा झाऱ्या लागतात, म्हणून मिसरचे तांबट त्या घडवतात.

झाळ, म्हणजे वितळलेला धातू, ओतून जोडतात तिथे झारीची मान पोटापासून सुटली होती. मी ती उलटी केली आणि बुडाला चिंच लावली.

चिंचेखालून चंद्रकोर वर आली.

मी हात थांबवला नाही. एवढं आठवतं की मी घासतच राहिले, जणू थांबले तर ती पुन्हा काळी पडेल. आमच्या घराची खूण चंद्रकोर आहे. छिन्नीचा एकच ठोका, डावीकडे जाड, उजवीकडे निमुळता. आणि घडवणाऱ्याला जेवढी पोरं असतील, तेवढी टिंबं कोरीच्या पोटात. मामंजींच्या भांड्यांवर चार टिंबं असायची. पुढे दोघी नणंदा देवीच्या साथीत गेल्या, पण टिंबं त्यांनी कमी केली नाहीत. ह्यांच्या भांड्यांवर नुसती कोर असायची. मूलच नव्हतं तोवर.

ह्या झारीवर कोर होती आणि कोरीत एक टिंब होतं.

मी झारी पदराने पुसली आणि उठून मामंजींकडे गेले. सासऱ्यांच्या इतक्या जवळ मी कधी बसले नव्हते. त्या दिवशी बसले. त्यांचं बोट धरून बुडावर ठेवलं. दाऊद बाजूला सरकला. मामंजींचं बोट कोरीवरून एकदा गेलं, पुन्हा गेलं आणि टिंबावर थांबलं.

"ही कुठली?" त्यांनी विचारलं.

"आताच्या पोत्यातली."

त्यांनी गोंदो भावोजींना हाक मारली. भावोजी हाताला पानांचा चीक लागलेला तसेच आले. त्यांनी झारी उजेडात धरून पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. उजळला नाही, उतरला. मला तेव्हा त्यांचा राग आला. नंतर समजलं.

ते म्हणाले की खूण आपली आहे, पण त्यात काय मोठं? आपली भांडी तीन पिढ्या तिकडे जातायत. फुटलं असेल कुणाचं, आलं परत. मी म्हटलं की हा आकार आपण कधी घडवला? ते म्हणाले, एखाद्या खेपेला मागणी आली असेल. मी म्हटलं, टिंब एक आहे. आपल्या घरात एक टिंबवालं कोण होतं? त्यावर ते म्हणाले की आपली खूण तिकडे सगळ्यांना ठाऊक आहे. चौलची कोर बघून भाव वाढतो. कुणीही नकली मारेल, आणि मारताना एखादं टिंबही मारेल. आपल्याच भट्टीवर काम शिकून गेलेले काय कमी आहेत? त्यांना घरची सगळी माहिती आहे.

"माहिती असती तर दोन मारली असती," मी म्हटलं.

तिकमभट पानं हातात धरून उभे होते.

"आपल्या घरात जुळी झाली हे सगळ्या चौलला ठाऊक आहे, भावोजी. बारशाला अर्धा बाजार जेवून गेला होता. एक मूल होणार एवढंच ज्याला माहीत, आणि पुढचं काही माहीत नाही, असा जगात एकच माणूस आहे."

दाऊद नाखव्याने डोक्याचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

भावोजी ओसरीच्या पायरीवर बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "बरं, त्यानेच केली. कधी केली? गेला त्याच्या पुढच्या वर्षी केली असेल. अकरा वर्षं कुणाच्या तरी घरी पाणी भरलं असेल हिने. एवढ्या काळात..."

मी खूण ओळखू शकत होते, वय सांगू शकत नव्हते. घासताना जो जोर आला होता तो सगळा गेला. मला वाटलं, बस्स, एवढंच होतं. एक भांडं आलं, भेटून गेलं.

तेवढ्यात मामंजींनी हात पुढे केला. झारी मांडीवर घेतली, आणि आंधळा माणूस मुलाचं तोंड चाचपतो तशी चाचपू लागले. आधी तळ. तळाच्या कडेवरून अंगठा फिरवला, सावकाश, पूर्ण गोल. मग तोटीत बोट घातलं. मग मानेपाशी आले, जिथे सांधा सुटला होता. तिथे त्यांचं नख अडकलं. ते नख तसंच ठेवून बसले.

मग ते हसायला लागले.

मी लग्न होऊन आल्यापासून मामंजींना असं हसताना पाहिलं नव्हतं. खांदे हलत होते. दात नव्हते, त्यामुळे आवाज नुसताच हवेचा येत होता. पोमाई आणि तिचा जुळा भाऊ मायदेव घरातून धावत बाहेर आली, आजोबांना काय झालं म्हणून.

"अजून मान घाईतच झाळतोय गाढव," मामंजी म्हणाले. "किती वेळा सांगितलं ह्याला. पोट तापू दे, मान तापू दे, दोन्हींचा रंग एक झाला की मग झाळ सोड. ऐकेल तर शपथ."

भावोजी म्हणाले, "बाबा, सांधा वापरूनही सुटतो."

"वापरली कुठंय? तळ बघ. हाताने बघ, डोळ्यांनी नको. कड अजून बोटाला लागते. एकदाही कुठे टेकवलेली नाही. आत पाण्याचा चुना नाही. ही बाजारात गेलेलीच नाही, गोंदो. भट्टीवरून काढली, मान सुटली, धन्याने मोडीत टाकली." त्यांनी मान वळवली. "दाऊद, मोड तिकडे किती दिवस पडून राहते?"

दाऊद म्हणाला की मोड कुणी ठेवत नाही. तांबं म्हणजे तांबं. वर्षाच्या वर्षी पोती भरून खाली येतात. ही पोती त्याने अदनमध्ये स्वतः बांधून घेतली होती, आणि देणारा म्हणाला होता की माल मिसरहून नुकताच उतरलाय.

"म्हणजे गेल्या साली," मामंजी म्हणाले. "फार तर त्याच्या आदल्या. गेल्या साली माझा जैतो मिसरमध्ये होता आणि घाईत होता."

मला वाटलं होतं की आता भावोजी उठून नाचतील. ते उठले, आणि पळसाच्या माणसापाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. मी त्यांच्यामागे गेले. ते रडत होते.

"वहिनी," ते म्हणाले, "पहिली सहा वर्षं मी प्रत्येक भादव्यात बंदरावर जाऊन उभा राहायचो. तुम्हाला सांगायचो की कोळसा आणायला चाललोय. एकेक माणूस उतरायचा आणि तो नसायचा. मग मी जाणं सोडलं, तेव्हा कुठे मला झोप लागायला लागली. आता पुन्हा उभं राहायचं का?"

मी म्हटलं, "या वेळी मी येईन बरोबर."

प्रश्न तिकमभटांचा उरला होता. मुहूर्त काढलेला, माणूस बांधलेला, उद्या ब्राह्मण यायचे. भावोजींनीच त्यांना विचारलं की आता शास्त्र काय म्हणतं? भटजी खाली बसले. म्हणाले की बारा वर्षं मोजायची ती शेवटची वार्ता आली त्या दिवसापासून. मधे वार्ता आली तर मोजणी तिथून नव्याने सुरू.

"पण ही वार्ता म्हणायची का?" भावोजींनी विचारलं. "हे तर भांडं आहे."

भटजींनी झारी मागून घेतली. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, तरी त्यांनी ती सगळीकडून पाहिली. "वार्ता तोंडीच असावी असं कुठे सांगितलेलं मला तरी आठवत नाही," ते म्हणाले. "तो मिसरमध्ये आहे, भट्टीवर कामाला आहे, त्याला वाटतं की आपल्याला एक मूल आहे, आणि त्याची सवय गेलेली नाही. माणसं निरोप धाडतात त्यात याहून जास्त काय असतं?"

मग त्यांचा सगळा चेहरा सैल झाला. ते सांगू लागले की रात्रभर त्यांना झोप नव्हती. कारण एकदा अग्नी दिला आणि नंतर माणूस परत आला, तर तो शास्त्राने मेलेला असतो. त्याला तुपाने भरलेल्या रांजणात बसवून बाहेर काढावं लागतं, म्हणजे तो नव्याने जन्मतो. मग त्याचं जातकर्म, बारसं, मुंज असेल त्याची मुंज, आणि शेवटी स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न.

"जैतो आडव्या अंगाचा," भटजी म्हणाले. "एवढं तूप मी कुठून आणणार होतो?"

आता पानांच्या माणसाचं काय करायचं, हा प्रश्न पोमाईने विचारला. तो अंगणाच्या मधोमध पडलेला, नारळाच्या डोक्याचा. जाळायचा नाही. टाकायचा तर कुणाचं मन होईना. भटजी म्हणाले की अजून मंत्र पडलेला नाही, तोवर ही नुसती पळसाची पानं आहेत, आणि पळसाच्या पानांचं काय करतात हे कोकणातल्या पोराला मी शिकवायचं का?

मी आणि पोमाईने त्याची बांधणी सोडली. एकेक पान काढून पुसलं, काडी लावली आणि पत्रावळी टाचल्या. दुसऱ्या दिवशी पितरांचं पान तेवढं रीतीने वाढलं, आणि मग ज्यांना दुःखाला बोलावलं होतं ते सगळे त्या पत्रावळींवर जेवले. नारळाची खीर केली. दाऊदला त्याच्या रिवाजाप्रमाणे वेगळं पान ओसरीवर दिलं. तो दोनदा खीर मागून जेवला आणि म्हणाला, "वैनी, जैतोचा हात आज पोटभर मिळाला." माझ्या पानावर कुठला भाग आला होता कुणास ठाऊक. बारा वर्षांत मी इतकं जेवले नव्हते.

निरोप धाडायचा होता. मला लिहिता येत नव्हतं, मामंजींना येत नव्हतं, आणि लिहून घेतलं असतं तरी ते मिसरमध्ये वाचणार कोण? मामंजी म्हणाले की तो बोलला तसंच आपण बोलू. त्यांनी स्वतः ऐरणीवर बसून हाताच्या अंदाजाने एक लहानसा तांब्या घडवला. मान मुद्दाम दोनदा झाळली. बुडाला कोर मारली. टिंबं मारायची वेळ आली तेव्हा त्यांनी छिन्नी मायदेव आणि पोमाईच्या हातात दिली. एकेक टिंब एकेकाने मारलं. पोमाईचं जरा कलतं बसलं. पौषात दाऊद तो तांब्या घेऊन गेला. त्याला सांगितलं होतं की अदनमध्ये जो मोड देतो त्याला दे, तो ज्याच्याकडून घेतो त्याला देईल, असं करत पोचेल. दाऊदने तांब्या मालात ठेवला नाही, कमरेला बांधून नेला.

पुढच्या भादव्यात मी आणि भावोजी बंदरावर उभे राहिलो. दाऊद एकटाच उतरला. म्हणाला, तांब्या वर गेलाय.

त्याच्या पुढच्या भादव्यात दाऊदच्या मागून एक पांढऱ्या दाढीचा माणूस उतरला. अंगरखा तिकडचा, पायात तिकडचे जोडे. भावोजींनी मला धरलं की मी त्यांना, आता सांगता येत नाही. तो माणूस चालत आमच्यासमोर आला. माझ्याकडे पाहिलं, भावोजींकडे पाहिलं, आणि कमरेचा तांब्या सोडून पुढे केला.

"दुसरं टिंब कुणाचं?" त्यांनी विचारलं.

चौदा वर्षांनी भेटलेल्या नवऱ्याचा हा पहिला शब्द. अदनपासून ह्याच विचारात आले होते, असं दाऊद मागाहून सांगायचा. नीट जेवलेसुद्धा नाहीत. भावोजी म्हणाले, "जुळी आहेत, दादा." तेव्हा ते तिथेच वाळूत बसले. मी पुढे कित्येक वर्षं भांडण झालं की एवढंच विचारायची, दुसरं टिंब कुणाचं? की ते उठून भट्टीकडे जायचे.

गलबत सोकोत्र्याच्या बेटाजवळ फुटलं होतं. एका होडीवाल्याने त्यांना पाण्यातून काढलं आणि मिसरला नेऊन विकलं. ज्याने विकत घेतलं तो तांबट होता, वाईट माणूस नव्हता, पण दुकानाबाहेर सोडायचा नाही. मरताना त्याने त्यांना मोकळं केलं. त्याच महिन्यात आमचा तांब्या त्या गल्लीत पोचला.

एका दुपारी भट्टी शांत असताना भावोजींनी त्यांना विचारलं की दादा, खुणेची झारी एकच का धाडलीस? एवढ्या वर्षांत एकच?

ते म्हणाले की मी हजार धाडल्या. घडवलेल्या प्रत्येक भांड्यावर कोर मारली आणि एक टिंब मारलं. मला ठाऊक होतं की भांडं आज ना उद्या फुटतं, आणि फुटलं की तांबं चौलला येतं. पण माझी भांडी फुटेनात. चांगली निघाली की फिरंगी उचलायचे, गलबतात घालायचे आणि त्या पाण्यातल्या गावाला न्यायचे. सगळे निरोप तिकडे गेले. तिथे ते वाचणार कोण?

"मग मुद्दाम एखादं फोडायचंस," भावोजी म्हणाले.

ते हातोडीच्या दांड्याकडे बघत राहिले. म्हणाले की दोनदा ठरवलं होतं. मान कच्ची सोडायची म्हणून बसलो, आणि हात आपोआप थांबून रंग एक व्हायची वाट बघायचा. तांबटाच्या हाताला ते जमत नाही.

"मग त्या झारीचं काय झालं?"

"त्या दिवशी गल्लीत कुणीतरी म्हणालं की कोकणचा एक माणूस बाजारात आलाय. धनी नमाजाला गेला होता. मी झाळ तशीच सोडून पळालो. पोचलो तोवर तो माणूस निघून गेलेला. परत आलो तर मान सुटलेली. धन्याने झारी मोडीत फेकली आणि मला चार दिवस उपाशी ठेवलं. मी त्या झारीपायी रडलो होतो, गोंदो. म्हटलं, माणूसही गेला आणि भांडंही गेलं."

मामंजी कोपऱ्यात बसून ऐकत होते. ते म्हणाले, "मान घाईत झाळू नये." आणि मग म्हणाले, "एखादी झाळावी."

ती झारी आम्ही वितळवली नाही. तिची मान ह्यांनी पुन्हा बसवली. ती अजून माझ्या खाटेखाली आहे. सासरी जाताना पोमाईने मागितली होती, मी दिली नाही.

अक्षरं मी म्हातारपणी शिकले, तिकमभटांच्या विधवा सुनेकडून, तिच्या धूळपाटीवर. तिने विचारलं होतं की या वयात कशाला? मी तिला कारण सांगितलं नाही. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही. मीही कधी घेतलं नाही, एवढ्या वर्षांत नाही, आणि ह्यांचा जीव जाताना कानात हाक मारायची होती तेव्हाही नाही. पण नाव लिहू नये असं मला कुणी सांगितलेलं नाही.

माझे सासरे लखमदेव तांबट दुसऱ्या टिंबाचं उत्तर मिळालं त्याच वर्षी, माघात गेले. दाऊद नाखवा अदनच्या वाटेवर गेला. गोंदो गेल्या पावसाळ्यात गेला. माझा नवरा जैतो, लखमदेवाचा थोरला, मायदेवाला तिसरा मुलगा झाला त्या वर्षी, कार्तिकातल्या एकादशीला सकाळी, आपल्या घरात, आपल्या अंथरुणावर गेला. त्याला स्वतःला लाकडांवर ठेवून जाळलं.